सापळ्यात न सापडणारी मादी

भाताची लावणी होऊन दोन-तीन आठवडे लोटले की महाड-पोलादपूरकडच्या काही शेतांत बांबूला टांगलेली प्लास्टिकची नरसाळी दिसू लागतात. नरसाळ्यावर छपरासारखी टोपी, टोपीच्या आतल्या बाजूस अडकवलेला रबराचा लहानसा तुकडा आणि खाली लोंबणारी लांब पिशवी, एवढाच त्याचा थाट. यास कामगंध सापळा म्हणतात. रबराच्या तुकड्यात (शेतकरी त्याला ‘ल्युर’ म्हणतात) पिवळ्या खोडकिड्याच्या मादीचा कृत्रिम गंध मुरवलेला असतो. रात्री पतंग त्या गंधाच्या मागे येतात, टोपीशी घुटमळतात आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतात.

असा सापळा तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या शेतात असेल तर एकदा सकाळी पिशवीतले मेलेले पतंग कागदावर ओतून भिंगातून पाहा. खोडकिड्याची मादी ओळखणे अगदी सोपे असते. तिचे पुढचे पंख पिवळे असून प्रत्येकावर मधोमध एक ठळक काळा ठिपका असतो. नर आकाराने लहान, मळकट तपकिरी रंगाचा आणि ठिपक्याच्या बाबतीत अस्पष्ट. कागदावर पडलेले पतंग तपासलेत तर ते सगळे नर आहेत असे आढळेल.

म्हणजे जिच्यामुळे पिकाचे नुकसान व्हायचे ती मादी मोकळीच राहिली! तीच भाताच्या पानाच्या शेंड्याकडे पुंजक्याने अंडी घालते आणि पोटाच्या टोकाकडील पिवळसर केसांनी ती झाकून टाकते. अंड्यातून निघालेली अळी खोडात शिरली की लहान रोपाचा मधला पोंगा वाळतो, त्याला आपण गाभेमर म्हणतो. आणि लोंबी येण्याच्या सुमारास शिरली तर दाणा न भरता पांढरी पडलेली लोंबी, म्हणजे पळींज, हाती येते. मग प्रश्न असा की, मादीला सापळ्यातील गंध येत नाही काय? आणि येत नसेल तर तिच्या नाकाचा उपयोग तरी काय?

पतंगाला आपल्यासारखे नाक नसते हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्याचे घ्राणेंद्रिय म्हणजे डोक्यावरील दोन शृंगिका. त्यांवर अतिसूक्ष्म पोकळ केस असतात, केसांच्या भिंतींना छिद्रे असतात. हवेतील गंधाचे रेणू त्या छिद्रांतून आत शिरतात व आतल्या मज्जापेशींना चेतवतात.

नराचे नाक

या विषयाची पुस्तके उघडली तर पानेच्या पाने नराच्या नाकाचे कौतुक आढळते. त्याला कारणही आहे. फ्रान्समधील झां आंरी फाब्र (१८२३-१९१५) या निरीक्षकाने एका मोठ्या पतंगाची नुकतीच कोशातून बाहेर आलेली मादी जाळीखाली ठेवली आणि त्याच रात्री त्याच्या घरात सुमारे चाळीस नर उडत आले. दुसऱ्या एका जातीच्या मादीला त्याने काचेखाली सर्वांना दिसेल असे ठेवले, तेव्हा नर तिच्यावरून उडत पुढे गेले आणि आदल्या रात्री ती ज्या जागेवर बसली होती त्या रिकाम्या जागेभोवती फडफडू लागले! डोळ्यांचा येथे काही संबंध नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

तो गंध कोणत्या पदार्थाचा, हे शोधायला जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांना सुमारे वीस वर्षे लागली. रेशमाच्या पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथींपासून त्यांना अवघे काही मिलिग्रॅम द्रव्य मिळाले. सोळा कार्बन अणूंची साखळी असलेल्या या अल्कोहोलला त्यांनी १९५९ मध्ये ‘बॉम्बिकॉल’ असे नाव दिले. एका प्राण्याने बाहेर टाकलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांसाठी ‘फेरोमोन’ हा शब्दही त्याच वर्षी रूढ झाला.

भाताच्या खोडकिड्याचा गंधही सोळा कार्बनांच्या साखळ्यांचाच आहे. त्यात दोन आल्डिहाइडे असतात. दोघांत फरक एवढाच की, एकात दुहेरी बंध नवव्या कार्बनापाशी तर दुसऱ्यात अकराव्यापाशी असतो. त्यांचे प्रमाण १ : ३. आता गंमत पाहा. भात निघाल्यावर याच शेतात आपण वाल करतो. वालाच्या शेंगा पोखरणारी घाटे अळी ज्या पतंगाची, त्याच्या मादीच्या गंधात मुख्यतः हीच दोन द्रव्ये असतात. पण प्रमाण सुमारे ३ : ९७. द्रव्ये तीच, प्रमाण निराळे, आणि तेवढ्यावरून एका जातीचा नर दुसऱ्या जातीच्या मादीकडे फिरकत नाही.

मादीचे नाक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९५० नंतरच्या दशकात डीट्रिख श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने एक साधा पण फार उपयोगी प्रयोग केला. शृंगिका काढून तिच्या दोन्ही टोकांना विद्युत्-अग्रे जोडली आणि तिच्यावर गंधयुक्त हवेचा झोत सोडला. गंध ‘कळला’ तर दोन टोकांत मिलिव्होल्टच्या घरातला विभवांतर-बदल दिसतो. रेशमाच्या नराच्या शृंगिकेवर मादीचा गंध सोडताच काटा हलला. मादीच्या शृंगिकेवर तोच गंध सोडला तेव्हा काटा जागचा हलला नाही. मादी ज्या गंधाने अख्खा परिसर दुमदुमवते, त्या गंधाबाबत ती स्वतः जणू बहिरी असते. (काही जातींत माद्यांना आपलाही गंध थोडाफार कळतो असे पुढे आढळले आहे, पण तो अपवाद समजावा.)

मात्र यावरून मादीचे नाक निकामी आहे असे समजू नका. रेशमाच्या मादीची शृंगिकाही नराप्रमाणेच कंगव्यासारखी असते. नराच्या ज्या लांब केसांत बॉम्बिकॉल ओळखणाऱ्या पेशी असतात, मादीच्या तशाच केसांत लिनालूल आणि बेंझॉइक आम्ल ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. लिनालूल हा वनस्पतींच्या सुगंधांतला नेहमीचा पदार्थ आहे. तुळशीच्या कुळातल्या कित्येक झाडांत तो असतो, धन्याच्या तेलाचा तर तो मुख्य घटक. म्हणजे नराचे नाक मादीकडे वळलेले आणि मादीचे झाडाकडे.

असे का, हे अळीकडे पाहिले की कळते. खोडकिड्याची अळी भातावर जगते, तिला आंब्याच्या पानावर सोडली तर ती उपाशी मरेल. कण्हेरीवरची मोठी हिरवी अळी कण्हेर आणि तगर यांसारख्या थोड्याच झाडांवर वाढते. अंड्यातून निघालेली अळी इतकी लहान असते की योग्य झाड शोधत शेत ओलांडणे तिच्या आवाक्यातले नव्हे. झाड निवडण्याचे काम आईलाच करावे लागते, तेही अंधारात, आणि निवड चुकली तर पुढची पिढी गेली. नराची चूक झाली तर एक रात्र फुकट जाते. माझ्या मते दोघांपैकी अधिक जबाबदारीचे नाक मादीचे आहे, आणि पुस्तकांत मात्र तिच्या वाट्याला दोन ओळी येतात!

नर व मादी यांच्या वागण्यातला हा फरक कोठे असतो, मेंदूत की शृंगिकेत? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत मँड्युका सेक्स्टा नावाच्या मोठ्या पतंगावर मिळाले. याच्या अळ्या तंबाखू, टोमॅटो व धोतऱ्याची पाने खातात. अळीच्या शरीरातच भावी शृंगिकेच्या पेशींची एक चकती असते. १९८६ मध्ये अ‍ॅन श्नायडरमन, जॉन हिल्डेब्रँड व त्यांचे सहकारी यांनी मादी-अळीतील ही चकती काढून तेथे नर-अळीची चकती बसवली. पुढे कोशातून जी मादी बाहेर आली तिच्या डोक्यावर नराची शृंगिका होती. आणि ही मादी नरासारखी दुसऱ्या मादीच्या गंधाच्या दिशेने उडू लागली! २०१० मध्ये उलटा प्रयोग प्रसिद्ध झाला. मादीची शृंगिका लाभलेले नर वाऱ्याच्या बोगद्यात सोडले, तेव्हा ते टोमॅटोच्या झाडावर माद्यांइतक्याच वेळा जाऊन बसले. अंडी तर त्यांच्यापाशी नव्हतीच. शृंगिकेतून येणारे मज्जातंतू वाढताना मेंदूतील गंधकेंद्राची रचनाही आपल्याला हवी तशी घडवतात, असे यातून दिसून आले.

याच पतंगाच्या मादीला लिनालूलचे दोन प्रकार वेगवेगळे ओळखता येतात. तुम्ही ध्रुवित प्रकाशाचा धडा शिकला असाल, तर काही द्रव्ये प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवतात व त्यांचीच आरशातील प्रतिमा असलेली द्रव्ये डावीकडे, हे तुम्हांला आठवेल. लिनालूलही असे दोन हातांचे आहे. धन्याच्या तेलातले उजवे. मँड्युकाची मादी मध प्यायला जाताना या दोहोंत भेद करत नाही. परंतु अंडी घालायची वेळ आली की उजव्या लिनालूलचा गंध सुटलेले झाड तिला साध्या झाडापेक्षा अधिक आवडते आणि डाव्या लिनालूलचे ती टाळते. आपल्याला ध्रुवणमापी लागतो ते काम ती शृंगिकेवर भागवते.

वाऱ्याचा प्रश्न

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. त्यामुळे पतंगाला गंध कळतो याहून, गंध कोठून आला हे कसे कळते, हा प्रश्न मला अधिक मोहवतो. वर्गात अत्तराची बाटली उघडली की वास ‘विसरणाने’ पसरतो असे आपण शिकवतो. जरा आकडेमोड करून पाहू. एवढ्या मोठ्या रेणूचा हवेतील विसरणगुणांक सुमारे ०.०५ चौरस सेंटिमीटर दर सेकंदास धरता येईल. विसरणाने कापलेल्या अंतराचा वर्ग हा विसरणगुणांक व काळ यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतो. अंतर १० मीटर, म्हणजे १,००० सेंटिमीटर घेतले तर त्याचा वर्ग १०,००,०००. त्यास ०.१ ने भागले की १,००,००,००० सेकंद, म्हणजे सुमारे ११६ दिवस! पतंग बिचारा जेमतेम आठवडाभर जगतो. तेव्हा गंध नेण्याचे काम विसरणाचे नाही, ते वाऱ्याचे आहे. सेकंदाला १ मीटर वेगाची मंद झुळूक तेच अंतर १० सेकंदांत काटते.

पण वारा गंध सुबक शंकूच्या आकारात पसरवीत नाही. उदबत्तीचा धूर पाहा. थोडे अंतर सरळ गेला की त्याचे धागे होतात, धागे पिळवटतात, तुटतात. झाडाचा गंधही असाच तुकड्यातुकड्यांनी पतंगापर्यंत पोचतो. एक तुकडा शृंगिकेला लागला की पतंग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेपावतो. पुढचा तुकडा आला नाही तर आडव्या दिशेने नागमोडी उडत हरवलेला धागा पुन्हा शोधतो.

येथे एक अडचण आहे, ती तुम्हीच शोधून काढावी अशी माझी इच्छा होती, पण सांगूनच टाकतो. जमिनीवर उभ्या माणसाला वारा अंगाला लागतो. हवेत उडणाऱ्या पतंगाला मात्र वाऱ्याची दिशा अंगाने कळणे शक्य नाही, कारण तो वाऱ्यातच वाहत असतो. दाट धुक्यात सावित्रीच्या पात्राच्या मधोमध होडीत बसलेल्या माणसाची कल्पना करा. त्याला प्रवाह कोणत्या दिशेला नेतो आहे हे पाण्याकडे पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी काठ दिसायला हवा. पतंगही तेच करतो. खालची जमीन आपल्या डोळ्यांखालून कोणत्या बाजूस सरकते, त्यावरून तो वारा ओळखतो. इंग्लंडमध्ये जॉन केनेडी व डेव्हिड मार्श यांनी १९७४ मध्ये वाऱ्याच्या बोगद्याची नक्षीदार जमीनच सरकती केली आणि उडणाऱ्या पतंगांची चाल तिच्याप्रमाणे बदलते, हे दाखवून दिले. शृंगिका सांगते, ‘आता नीघ’. दिशा सांगतात डोळे. हा प्रयोग नरांवर झाला, तरी टोमॅटोचा माग काढणाऱ्या मादीपुढचा वाऱ्याचा प्रश्न हाच असतो.

झाड काय सांगते

योग्य जातीचे झाड सापडले तरी मादीची पाहणी संपत नाही. त्यावर आधीच कोणी राहत असेल तर? २००१ मध्ये कॉन्सुएलो द मोरायस, मार्क मेशर व जेम्स टमलिन्सन यांनी दाखवले की, घाटे अळीच्या अमेरिकेतील जातभाईंनी कुरतडलेली तंबाखूची झाडे रात्री काही खास वायुरूप द्रव्ये सोडतात, दिवसा ती सोडत नाहीत. आणि त्या वासाने त्याच जातीच्या माद्या झाड टाळून पुढे जातात. झाडाला यात फायदा, कारण आणखी अंडी टळतात. मादीलाही फायदा, कारण तिच्या पिलांचे अन्न आधीच कोणी फस्त केलेले नसते. मँड्युकाची मादी तर झाडावरच्या अळ्यांच्या विष्ठेचा वास ओळखून माघारी फिरते, आणि त्यासाठी शृंगिकेतील कोणता ग्राही रेणू लागतो हे २०१९ मध्ये निश्चित झाले.

म्हणजे रात्रीची हवा ही पतंगाच्या मादीपुढे उघडलेली एक पाटीच आहे म्हणा ना. झाड कोणते, ताजे की खाल्लेले, किती लांब, हे सारे तिच्यावर लिहिलेले असते. त्या पाटीवर दुसरेच काही खरडले गेले तर काय होईल?

महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांतील विद्यार्थ्यांना एक अनुभव असेल. रसायनांचा वास दुपारपेक्षा रात्री आणि हिवाळ्यात पहाटे अधिक जाणवतो. कारखाना रात्री जास्त वास सोडतो असे म्हणून आपण मोकळे होतो, पण तसे काही न घडताही हे होऊ शकते. दिवसा तापलेली जमीन हवेला वर ढकलते, खाडीकडून वारा येतो आणि वास विरून जातो. निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि सह्याद्रीच्या उतारांवरून सावित्री, काळ, गांधारी यांच्या खोऱ्यांत उतरून साचते. वर उबदार हवेचे झाकण बसते. या स्थितीला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. खालचे जे काही असेल ते खालीच कोंडते, आणि पतंगांच्या उडण्याची वेळ नेमकी हीच.

टोल्युइन व झायलीन ही द्रावके औषधे, रंग इत्यादींच्या उद्योगांत सर्रास वापरली जातात, वाहनांच्या धुरातही ती असतात. जेफ्री रिफेल व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की, हवेत अशा द्रव्यांची पार्श्वभूमी असली तर मँड्युका पतंगाला धोतऱ्याच्या फुलाचा माग काढणे अवघड जाते. मेंदूतील गंधकेंद्रात उमटणारे त्या फुलाचे ‘चित्र’च बदलते. २०२४ मध्ये याच गटाने दुसरी बाजू मांडली. धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांच्या संयोगाने नायट्रेट मूलक तयार होतो. सूर्यप्रकाशात तो टिकत नाही, म्हणून तो रात्रीचाच रहिवासी. फुलांच्या सुगंधातील काही घटक तो मोडून टाकतो. अशा मोडलेल्या गंधाच्या फुलांना पतंगांच्या भेटी सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. मुंबई-गोवा महामार्ग आणि कारखाने एकाच खोऱ्यात असलेल्या आपल्या भागात या दोन्ही गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत. पीक खाणाऱ्या पतंगाचा माग चुकला तर बरेच झाले, असे कोणी म्हणेल. पण रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या फुलांचे परागण करणारे पतंगही याच नाकावर चालतात, आणि हवा दोघांत निवड करत नाही.

शेतात काय करावे

आता सापळ्याचा हिशेब पुरा करू. कामगंध सापळ्यात नरच येणार, हे तर ठरलेच. हेक्टरी ५ सापळे लावतात ते किडीची चाहूल लागावी म्हणून. नर दिसू लागले की माद्याही शेतात आल्या आहेत असे समजून पानांचे शेंडे तपासायचे. नर पकडूनच कीड कमी करायची तर हेक्टरी २० सापळे सांगतात, आणि तरीही वाचलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो हे लक्षात ठेवायला हवे. प्रकाश सापळ्यात नर-मादी दोन्ही येतात. सर्वांत स्वस्त उपाय मात्र लावणीच्या दिवशी हातात असतो. मादी अंडी शेंड्याकडे घालते, म्हणून राबातील रोपे उपटल्यावर त्यांचे शेंडे खुडून नष्ट केले तर तिने चोखंदळपणे निवडलेली जागाच अंड्यांसकट जाते.

शेवटी, पावसाळ्यात शाळेत करता येण्याजोगे एक काम. अळूच्या आठ सारख्या कुंड्या घ्या. अळूवर शेपटीला काटा असलेल्या जाड अळ्या येतात, त्या मोठ्या पतंगांच्या असतात. चार कुंड्यांवर अशा दोन-दोन अळ्या सोडून त्यांवर मच्छरदाणीचे कापड बांधा, उरलेल्या चारांवर अळी न सोडता तसेच कापड बांधा. प्रत्येक झाकलेल्या कुंडीला टेकून एकेक उघडी अळूची कुंडी ठेवा. दोन्ही गट एकमेकांपासून दूर आणि दिव्यांपासूनही दूर असावेत. रोज सकाळी फक्त उघड्या कुंड्यांच्या पानांची खालची बाजू पाहून एक-दीड मिलिमीटर व्यासाची हिरवट गोल अंडी मोजा आणि काढून टाका. नोंदवहीत तारीख, दोन्ही गटांची अंडी, रात्री पाऊस होता की नाही, वारा कोणत्या दिशेचा होता आणि हवेला रसायनांचा वास होता की नाही, एवढे रकाने आखा. पाने हाताळल्यावर हात धुवा, अळूच्या चिकाने खाज येते. आठ दिवसांच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. सप्टेंबरअखेरपर्यंत वही चालू ठेवा.